डाव्या बाजूचं माप

पितळी पुंगळीचा काठ कडकन तुटला आणि स्क्रूड्रायव्हर घसरून लाकडात रुतला. नशीब, तो नुसता सरावाचा तुकडा होता. खुर्चीला अजून धक्का लागला नव्हता.

"तुटली ना?" आतल्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं.

"कान शाबूत आहेत तुमचे, मिस्त्री."

सगळी गल्ली त्याला मिस्त्री म्हणायची, म्हणून तीही म्हणायची. तो तिला पॉलिशवाली म्हणे. तीस वर्षं त्यानं जोडायचं आणि तिनं घासून चमकवायचं, अशी दोघांची वाटणी होती. लाकडाची नस न् नस तिच्या बोटांना ठाऊक होती, पण त्याला भोक पाडायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

त्याचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हापासून ड्रिल मशीन खोक्यात पडून होतं. खुर्चीतून उठताना आधाराला उजव्या बाजूला दांडा बसवा, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "बसव. पण कोणी आलं की काढता आला पाहिजे."

खुर्ची शिसवी, त्याच्याच हातची, एकही खिळा न मारलेली. नुसता स्क्रू लावून सारखा काढला-घातला असता तर भोक सैल पडलं असतं. म्हणून आतून-बाहेरून आटे पाडलेल्या या पुंगळ्या. एकदा लाकडात बसल्या की त्यांच्यातून बोल्ट खुशाल शंभरदा काढावा.

भिंतीला धरत तो दारात आला. तुकडा नुसता पाहिला.

"भोक लहान पडलंय. शिसव आहे ही, दबून जागा देणार नाही. अर्धा मिलिमीटर वाढव. आट्यांना मेण चोळ. आणि तो स्क्रूड्रायव्हर ठेव. बोल्टवर नट चढव, पुढे पुंगळी लाव, नट तिच्यावर आवळ, मग पान्यानं फिरव."

"एवढं माहीत होतं तर आधी सांगायचं."

"तू विचारलंस कुठे?"

दुसरी पुंगळी तुकड्यात मुकाट बसली. मग पॉलिशवाली खुर्चीकडे वळली. ड्रिल सुरू झालं तसा तो खिडकीबाहेर पाहू लागला. भोकातून काळसर भुगा वर आला. त्यात तिच्याच पॉलिशची पापुद्र्याएवढी चकाकी होती. तिनं ती फुंकरीनं उडवली. मग पान्यानं पुंगळी एक फेरा पुढे, थोडी मागे, पुन्हा पुढे. दोन्ही पुंगळ्या लाकडाच्या पातळीला येऊन थांबल्या. दांडा बसला. तिनं तो धरून हलवला. खुर्ची हलली, दांडा हलला नाही.

"बघा बरं."

तो जवळ आला. बोल्ट किती आवळलेत ते पाहायला त्यानं डाव्या हातात पाना घेतला आणि बोल्टच्या डोक्यावर टेकवला. पाना बसेना. टिक, टिक, टिक, पोलादावर पोलाद वाजत राहिलं. त्यानं मनगट खुर्चीला टेकवलं, तरी वाजतच राहिलं.

ती भुगा गोळा करत होती. तिचा हात थांबला. मान मात्र तिनं वर केली नाही.

त्यानं पाना खाली ठेवला, अगदी हलकेच.

"घट्ट आहे," तो म्हणाला. मग डबीकडे पाहत, "डबीत पुंगळ्या उरल्यात का गं?"

"चार आहेत."

"मशीन काढलंच आहेस, तर..."

'डावाही कधीपासून?' हा प्रश्न तिच्या ओठांपर्यंत आला होता. तिनं ओढणीला हात पुसले, उठली आणि खुर्चीच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. टेप बाहेर काढली. पेन्सिल कानामागून घेतली.

"पुढून किती?" तिनं विचारलं.

"उजवीकडे घेतलंस," मिस्त्री म्हणाला, "तेवढंच."