वाघाच्या पाठीवर अकरा जोड

मित्रांनो, मी एक जुना डिझेल जनरेटर आहे. जवळ आलात तर वास येईल. तो सगळाच डिझेलचा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या दवाखान्यात नाहीतर नाटकगृहात काम मिळेल. मिळालं कुठे, तर भर समुद्रात! चार लोखंडी पायांवर उभा असलेला, तेल काढायचा प्लॅटफॉर्म. क्रेननं उचलून मला त्यावर ठेवलं तेव्हा खाली नुसतं पाणी बघून माझे नट ढिले झाले. पण पुढं वीस वर्षं तिथले पंप, दिवे, आचाऱ्याची शेगडी, सगळं मीच चालवलं. समुद्राखालचं तेल वर काढायचं आणि त्यासाठी मी बोटीनं आलेलं तेल ढोसायचं, असा आमचा उफराटा संसार. धूर इतका सोडायचो की आचाऱ्याचा पांढरा सदरा दुपारपर्यंत करडा व्हायचा.

मिस्त्रीकाका मात्र माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "वाघ आहे माझा, वाघ!" आणि त्याच गरम पाठीवर ओले मोजे वाळत घालायचे. भर समुद्रात कोरडे मोजे म्हणजे केवढी चैन! हळूहळू सगळेच घालू लागले. वाघाच्या पाठीवर अकरा जोड!

मग जवळच पवनचक्क्या उभ्या राहिल्या. समुद्राच्या तळावरून जाडजूड केबल आली आणि इंजिनिअरबाईंनी मला बंद केलं. धूर गेला, गोंगाट गेला, आचाऱ्याचा सदरा संध्याकाळपर्यंत पांढरा राहू लागला. मला फार राग आला. त्या पवनचक्क्या नुसत्या उभ्या राहून हात हलवायच्या, आणि कौतुक त्यांचं!

बाई म्हणाल्या, "वारा पडला तर एक जनरेटर हाताशी हवा. धाकटा ठेवू. हा थोरला पुढच्या महिन्याच्या बोटीनं भंगारात."

धाकटा म्हणजे माझा शेजारी. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, अंगावर नवा रंग, आणि जपायचा म्हणून कायम ताडपत्रीखाली.

मिस्त्रीकाकांना राहवेना. रोज दुपारी ते मला गुपचूप अर्धा तास चालवू लागले. मला वाटलं, किती हा माझ्यावर जीव! तेवढ्यात पाठीवर मोजे पडले.

पंधरा दिवसांनी बाई तावातावानं आल्या. "वीज वाऱ्याची, मग टाकीतलं डिझेल जातंय कुठं?"

"टेस्टिंग चाललंय, बाई."

"कसलं?"

काकांनी हळूच एक मोजा खिशात घातला. उरलेले एकवीस कुठं लपवणार?

"अहो काका, तुम्हीसुद्धा!" म्हणत बाईंनी वाऱ्याच्या विजेवर चालणारं कपडे वाळवायचं कपाट मागवलं. झालं! माझं शेवटचं कामही गेलं.

बोट आली. क्रेनचा आकडा माझ्या डोक्यावर लोंबू लागला. मला नेण्याआधी बाईंनी धाकट्याला एकदा चालवून बघायचं ठरवलं. ताडपत्री निघाली. बटण दाबलं, धाकटा नुसता कण्हला. पुन्हा दाबलं, तर कण्हेनासाही झाला. वर्षभर कुणी फिरवलाच नव्हता. आतून गंजून जाम झाला होता बिचारा.

क्रेनवाला वरून ओरडला, "उचलू का थोरल्याला?"

"थांबा हो!" बाई माझ्याकडे वळल्या. बटण दाबलं आणि पहिल्याच झटक्यात मी असा धडधडलो की आचारी हातातल्या डावासकट बाहेर आला. मिस्त्रीकाकांनी डोळे पुसले, खिशातल्या मोज्यानं.

"रोज चालवलात म्हणून हा शाबूत राहिला," बाई त्यांना म्हणाल्या. "आता दर मंगळवारी अर्धा तास. फक्त अर्धा!"

माझ्या जागी धाकटा बोटीत गेला. मला वाईट वाटलं. त्याचा काय दोष? जपायचा म्हणून झाकला आणि तसाच विसरला.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. रोज लागत नाही ती वस्तू नुसती झाकून ठेवू नका. अधूनमधून हात लावा, फिरवून बघा. पाठीवर हवं ते वाळत घाला, फक्त आधी धुवा.

कपाट आलंय, तरी मंगळवारी मोजे माझ्याकडेच येतात. परवा सगळे पांगल्यावर इंजिनिअरबाई आल्या, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच बारावा जोड माझ्या पाठीवर ठेवून गेल्या.

धुतलेला होता.