मी काढलेला एक गोल

मित्रांनो, मी एक जुनी लाल पेन्सिल आहे. आता उरले आहे जेमतेम बोटभर. सांगायला लाज वाटते, पण सांगतेच.

डझनभर बहिणींसोबत मी डब्यातून आले आणि इंग्रजी लेखन शिकवणाऱ्या सरांच्या हाती पडले. मुलं प्रबंधात 'धिस', 'दॅट', 'इट' असे दाखवायचे शब्द ऊठसूट पेरत. "अरे, बोट दाखवतोस, पण कशाकडे?" असं म्हणत सर माझ्याकडून त्या शब्दाला गोल काढून घेत आणि बाण मागच्या वाक्याकडे नेत. बाण कशावर टेकला तर ठीक, नाहीतर समासात प्रश्नचिन्ह. सगळ्या विभागात माझं कौतुक होई. मीही चढून गेले. पुढे पुढे सर वाचायच्या आधीच गोल काढू लागले, आणि मला त्यात काही गैर वाटेना.

एक मुलगी दिवसभर दवाखान्यात नर्सचं काम करून प्रबंध लिहायची. पहिल्या खेपेला तिच्या एकाच पानावर मी अकरा गोल काढले. ती बिचारी चिकाटीची! प्रत्येक 'धिस'पुढे ती नेमकं नाव लिहू लागली. ही पद्धत, हा ताप, ही जखम. प्रबंध वेळेत गेला तर तिला बढती मिळणार होती.

प्रबंध देण्याच्या शेवटच्या दिवशी, साडेचारला, ती बांधलेली प्रत सहीसाठी घेऊन आली. सर फोनवर बोलत होते. नजर 'धिस'वर पडली आणि सवयीने हात चालला. पहिल्याच पानावर ठसठशीत लाल गोल! लाल खूण असलेली प्रत घ्यायची नाही, असा विद्यापीठाच्या कचेरीचा नियम. पान बदलून, पुन्हा बांधून आणेपर्यंत कचेरीची प्रबंध घेणारी खिडकी बंद झाली होती.

"सर, पुढचा शब्द तरी वाचायचा होतात," ती एवढंच म्हणाली.

पुढे 'पद्धत' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. सरांनी मान खाली घातली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांनी चूक कबूल करून अर्ज केला, पण नियम तो नियम. तिचं वर्ष गेलं आणि बढतीही दुसऱ्याच कुणाला मिळाली. पुढच्या वर्षी तिने तोच प्रबंध दिला, एक अक्षर न बदलता.

तेव्हापासून सर मला कानामागे अडकवतात आणि पान वाचून झाल्याशिवाय काढत नाहीत. मित्रांनो, कुणाची चूक दाखवायला बोट उचलाल, तर आधी नीट वाचा. माझं ऐका. लाल पेन्सिलीच्या मागे खोडरबर नसतो.