कार्ड जागं होतं

इस्पितळाचं इंटरनेट ज्यातून येतं त्या फायरवॉल नावाच्या यंत्राच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढा एक हिरवा दिवा आहे. तो दर दोन सेकंदांनी एकदा लुकलुकतो. मी घड्याळ लावून मोजलं. यंत्र चार दिवसांपासून गोठलेलं, पुढचे सगळे दिवे विझलेले, पण हा एकदाही चुकला नाही. तो कार्डाचा दिवा. यंत्र गोठलं तरी कार्ड जागं राहतं, आणि दुरून हुकूम दिला की यंत्र बंद करून पुन्हा चालू करतं. त्यासाठीच ते बसवतात.

आमच्या साहेबांनी, बा जेरेंनी, कार्डाची केबल याच फायरवॉलमध्ये खोचली होती. म्हणजे यंत्र गोठलं की कार्डापर्यंत जायची वाटही बंद. किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप लावण्यातला प्रकार. म्हणून एक बटण दाबायला मी कासामाहून चिफुंगाच्या इस्पितळात येते, साडेतीन तासांचा प्रवास करून. या वर्षातली ही सहावी खेप.

बटण दाबलं. सहा मिनिटांत अडकलेले अहवाल उतरू लागले. प्रयोगशाळेतल्या बाना चोंगो ते छापत होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं, की एका सहा आठवड्यांच्या बाळाचा रक्ताचा अहवाल सोमवारीच कासामात तयार होता. औषध सुरू करायचं की नाही, ते त्यावरच ठरणार होतं. त्याची आई अठरा किलोमीटर चालत दोनदा आली आणि दोनदा तशीच परत गेली.

"ती तिसऱ्यांदा येईल असं वाटतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

बोलायला हवं होतं ते सात महिन्यांपूर्वी. बोललेही होते. कार्डाला स्वतःची वाट मिळावी म्हणून वेगळा मोडेम मागवला, तो इथे कपाटात येऊन पडला. केबल हलवायच्या फॉर्मवर मात्र बा जेरेंची सही होईना. ते न्गोनी जमातीचे, मी बेम्बा. आमच्या आजे-पणजांनी लढाया संपवून एकमेकांची थट्टा करायचं नातं जोडलं, आणि त्या थट्टेवर रागवायचं नाही असा रिवाज आहे. मयतीतसुद्धा आम्ही एकमेकांना चिडवतो: ते आम्हाला माकडं खाणारे म्हणतात, आम्ही त्यांना उंदीर खाणारे. मी फॉर्म पुढे केला की ते म्हणत, माकडं खाणाऱ्यांनी न्गोनी माणसाची केबल सोडवायची नसते. सगळे हसत. मीही हसे. फॉर्म टेबलावरच राही.

मी कपाटातून मोडेम काढला. त्यावरची धूळ पुसली. कार्डाची केबल उपसून मोडेमला जोडली, लॅपटॉपवर कार्डाचं पान उघडलं. पासवर्ड अजून कारखान्याचाच होता. तो बदलला. नवा पत्ता दिला, फक्त आमच्या कचेरीतूनच उघडेल असं बंधन घातलं. हे सगळं लागू करायचं शेवटचं बटण राहिलं, तेव्हा फोन लावून टेबलावर ठेवला.

"काय गं, पोचलीस?" बा जेरे म्हणाले. "वाटेत माकड मिळालं की उपाशीच आहेस?"

मी केबल हलवल्याचं सांगितलं.

"अगं, माझ्या केबलला बेम्बांचा हात? आता गंजेल ती." मागे कुणीतरी हसलं. "चार उंदीर पाठव, मग बघू सहीचं."

बाना चोंगोंचा हात कागदावर थांबला. त्या स्वतः बेम्बा. एरवी त्यांनी उलट चार उंदीर मोजून दाखवले असते.

"बा जेरे," मी म्हणाले, "आज मी तुमची थट्टेतली बहीण नाही. इथे एक बाळ चार दिवस अहवालावाचून अडलंय, आणि ते तुमच्या केबलमुळे."

पलीकडे हसू थांबलं.

"सही करा नाहीतर मला कामावरून काढा. कार्ड वेगळ्या लाइनवर जातंय, आत्ता, माझ्या जबाबदारीवर."