रुग्णाचं नाव: नारळ

साहेब, नारळ तुम्ही खाल्लात. खिडकीतल्या उज्वला मॅडमनी नुसता तुकडा चाखला; अर्धी वाटी तुमच्या गालात होती.

तो नारळ सातपूरच्या शौकतचा. कानाला ऐकू न येणारा आवाज सोडून लोखंडी कास्टिंगमधली चीर शोधायची, हे त्याचं वीस वर्षांचं काम. सिन्नरला त्याच्या अम्मीला लकवा मारला, तेव्हा डोक्यात गुठळी आहे की रक्तस्राव, हे सांगणारं मशीन गाठेपर्यंत सहा तास गेले. अम्मीची वाचा गेली ती गेलीच. तेव्हापासून शौकतच्या डोक्यात एकच किडा: आवाजाने लोखंडाच्या आतलं दिसतं, तर कवटीच्या आतलं का नाही? तेही गावच्या दवाखान्यात?

घोळ कवटीचाच. हाडातून आवाज पळत सुटतो, मऊ भागात चालतो. त्यात कवटी कुठे जाड, कुठे पातळ. सगळे आवाज एका ठिकाणी एकदम पोचणार कसे? चित्र फिसकटतं. म्हणून शौकतने सिलिकॉन रबराची टोपी बनवली. कवटी जाड तिथे रबरही जाड, म्हणजे पुढे पळणारा आवाज रबरात रेंगाळतो. कवटी कोण देणार? त्याने नारळ घेतला. जागोजागी जाडी मोजून वर पेनाने आकडे टाकले, डोळ्यातून पाणी काढून चायना ग्रासची जेली भरली, आत सायकलच्या बेअरिंगचा छर्रा सोडला. त्याच एका नारळाच्या मापाची टोपी कोरायला चार महिने लागले. पण टोपी चढवली की छर्रा पडद्यावर लख्ख!

आता मेडिकल कॉलेजातल्या खऱ्या कवटीवर करून बघायला तुमच्या ऑफिसची परवानगी हवी होती. शौकत अर्ज घेऊन खिडकीशी आला.

“रुग्णाचं नाव?” उज्वला मॅडमनी विचारलं.

“रुग्ण नाही मॅडम, नारळ आहे.”

“रकाना रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर पुढे सरकत नाही हो, शौकतभाई.”

“मग टाका नारळ.”

“वय?”

“झाडावरचं धरून, की उतरवल्यापासून?”

मॅडमनी एक टाकलं. दहा दिवसांनी पत्र आलं: रुग्णाने बुधवारी अकरा वाजता समक्ष हजर राहावे, तीन वाजता प्रात्यक्षिक.

बुधवारी शौकतने नारळ टेबलावर बसवला.

“आधारची झेरॉक्स?”

“ह्याची?”

“तुमची! नातेवाईक म्हणून.”

तो झेरॉक्स काढून आला, तोवर ऑफिसात नव्या प्रिंटरची पूजा उरकली होती.

“राकेश, नारळ कुठंय?” शौकतने विचारलं.

“फोडला की!” शिपाई म्हणाला. “आकडे बघून वाटलं, त्र्यंबकहून कुणी खास मंतरून आणलाय. आतली जेली लय गार होती, भाऊ.”

तेवढ्यात तुम्ही ‘आई गं’ करून छर्रा थुंकलात, साहेब. दाढेचा टवकाही.

तीन वाजता शौकत नुसती टोपी घेऊन उभा राहिला. तुम्ही गाल धरून त्याला हाकललंत. आठवड्याने पत्र आलं: रुग्ण मयत, सबब प्रकरण बंद.

शौकतने ते अम्मीला वाचून दाखवलं. तिला बोलता येत नाही. पण खांदे गदगदा हलले, डोळ्यांतून पाणी आलं, इतकी हसली. मग चांगला हात लांब करून तिने पेन त्याच्या मुठीत कोंबला. शौकतने तिथेच अर्ज लिहिला. दोनच ओळींचा:

रुग्ण कुणाच्या टेबलावर, कुणाच्या दाताखाली मेला? आणि खरी कवटी कोणत्या तारखेला देता, ते सही-शिक्क्यानिशी कळवा.