सख्ख्या बहिणीची साक्ष

ताईने दोन्ही हातांनी चेन वर ओढली, पण ती धाकटीच्या छातीपाशी येऊन अडकली.

“श्वास आत घे.”

“घेतलाय की.”

“मग तो घेऊन ठेवलास कुठे?”

धाकटी हसली नाही. एरवी ताईच्या पडेल विनोदालाही ती खळखळून हसायची. आज आरशात न बघता ती खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि ताई तिच्या अंगावरचा निळा पोशाख ठाकठीक करत होती. अंतराळसफरीच्या कंपनीने तो कालच घरपोच पाठवला होता. खांद्यावर चंदेरी दोऱ्याने धाकटीचं नाव भरलेलं होतं. ताईने त्यावरून बोट फिरवलं. विमान कंपनीत सव्वीस वर्षं काढली तिने. तिच्याही छातीवर नावाची पट्टी होती, पण ती टाचणीची, आणि निवृत्तीच्या दिवशी साहेबांच्या टेबलावर काढून ठेवावी लागली होती. हा पोशाख मात्र सफरीनंतर घरी ठेवायला मिळणार होता.

“शोभतोय हो तुला,” ताई म्हणाली. आवाज गोड काढायची सवय होती, म्हणून तो गोड निघाला.

खरं सांगायचं तर महिनाभर ताईच्या पोटात दुखत होतं, आणि त्या दुखण्यावर औषध नसतं. ती हवाईसुंदरी झाली तेव्हा सबंध खानदानात कुणी विमान आतून पाहिलेलं नव्हतं. ती सुट्टीवर आली की शेजारीपाजारी गोळा व्हायचे. विमान हेलकावत असताना कॉफी कशी ओततात, मोठमोठे लोक झोपेत कसे घोरतात, सगळं ती जरा तिखटमीठ लावून सांगायची. धाकटी कोपऱ्यात बसून ऐकायची. पुढे ती चष्म्याच्या दुकानात लागली, लोकांच्या नाकांवर चष्मे नीट बसवत राहिली, आणि चारचौघांत तिची ओळख कायम एकच राहिली, विमानवालीची बहीण. ताईला ते बरं वाटायचं. कुणीतरी लहान असल्याशिवाय मोठं व्हायचं तरी कसं?

मग धाकटीच्या नवऱ्याने एका सोडतीत स्वतःचं आणि बायकोचं नाव टाकलं, आणि नेमकं बायकोचं निघालं. अकरा मिनिटांची सफर. वर जायचं, थोडं तरंगायचं, पृथ्वीची गोलाई बघायची आणि खाली यायचं. परवा औषधाच्या दुकानातला माणूस ताईला म्हणाला, “तुम्ही त्या अंतराळवालीच्या बहीण ना?” ताई गोळ्या न घेताच परत फिरली. आपण सव्वीस वर्षं ढगांवर राहून केलं काय, तर लोकांचे ट्रे उचलले, असं तिला घरी येईपर्यंत वाटत राहिलं.

बाहेरच्या खोलीत मेहुणे खुर्च्या मांडत होते. पाच वाजता वर्तमानपत्राचा माणूस येणार होता. खुर्च्या मांडता मांडता ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, “घाबरते कसली! वाघीण आहे वाघीण!”

“चार वाजले,” धाकटी म्हणाली. “तुझा फोन येईल आता.”

कंपनीची एक रीत होती. सफरीला निघालेली माणसं तब्येतीच्या अर्जात सर्रास थापा मारतात, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. म्हणून प्रवाशाने रक्ताच्या नात्यातल्या एकाचं नाव द्यायचं आणि कंपनीच्या डॉक्टरीणबाई त्या माणसाशी परस्पर बोलणार. काय बोलणं झालं ते खुद्द प्रवाशालाही सांगत नसत. धाकटीला धडधाकट भाऊ होता, पण तिने नाव दिलं ताईचं.

फोन वाजला. ताई स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

नाव, नातं, वय झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “लहानपणापासून कधी घेरी येणं, शुद्ध हरपणं, उंचीची भीती, असं काही?”

धाकटी नऊ वर्षांची होती, ताई चौदा. आकाशपाळणा अगदी वर जाऊन थांबला आणि धाकटीचे डोळे फिरले. ती ताईच्या मांडीवर कोसळली, ती खाली उतरवल्यावरही बराच वेळ उठली नाही. घरी मार बसेल म्हणून दोघी चिडीचूप राहिल्या. पुढे एकदा गच्चीवर आणि एकदा उंच पुलावर तसंच झालं, तेव्हाही जवळ ताईच होती. ही गोष्ट जगात त्या दोघींनाच ठाऊक होती.

एक वाक्य पुरे होतं. महिनाभर ताई तेच वाक्य मनात घोळवत होती, आंघोळ करताना, भांडी घासताना. त्याला काळजीचे कपडे घालूनही तिने पाहिलं होतं. बहिणीच्या जिवापेक्षा सफर मोठी आहे का? पण त्या कपड्यांच्या आत काय आहे, हे तिच्यापासून लपलेलं नव्हतं. आता वाक्य जिभेच्या टोकावर आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. जन्मात एकदा धाकटीच्या वाट्याला काही मोठं आलं होतं, आणि आपण त्या दुधात मिठाचा खडा टाकायला निघालो.

“छे, काही नाही,” ताई म्हणाली. “सगळं अगदी व्यवस्थित आहे.”

विमान हेलकावे खात असताना सव्वीस वर्षं ती हेच वाक्य याच आवाजात म्हणत आली होती, आणि त्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे. डॉक्टरीणबाईंनीही विचारला नाही.

ताई बाहेर आली ती हलकी होऊन. आपल्यालाही मोठं मन आहे, हा शोध पन्नाशीनंतर लागला तरी गोडच लागतो. झोपायच्या खोलीत शिरता शिरताच तिने हात पसरले.

“झालं बाई! आता तुला कुणी अडवत नाही.”

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली होती.

“काय सांगितलंस?”

“काय सांगणार? सगळं व्यवस्थित म्हटलं.”

“आणि पाळण्याचं?”

“ते कशाला सांगू?”

“सांगितलंच नाहीस?” धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. “अगं ताई, त्यासाठी तर तुझं नाव दिलं होतं मी.”

ताईला काही कळेना. धाकटीने उठून दार लावलं आणि ती कुजबुजत बोलू लागली.

“दादाचं नाव देता आलं असतं. पण त्याला काही माहीतच नाही. तुला माहीत होतं. आणि तू सांगशील अशी खात्री होती मला.”

“का गं, एवढी कसली खात्री?”

“तुला माझं जाणं बघवलं नसतं ना.”

यात राग नव्हता. गिऱ्हाइकाला चष्म्याचा नंबर सांगावा तसं तिने सांगितलं. ताईचं तोंड तापलं. “मी? मला?” असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं, पण समोर धाकटी होती. तिच्याशी खोटं बोलून उपयोग नव्हता.

“मग तू स्वतःच नाही म्हण की!”

“म्हटलं ना. दोनदा म्हटलं. पहिल्यांदा हे हसले. दुसऱ्यांदा चार दिवस बोलले नाहीत. दुकानात माझा फोटो लावलाय, ह्यांच्या ऑफिसातल्या शिपायालासुद्धा माहीत झालंय.” धाकटी पुन्हा खाली बसली. “डोळे मिटले की वाटतं, पाळणा वर जाऊन थांबलाय आणि तू शेजारी नाहीस.”

सव्वीस वर्षं ताईने घाबरलेला माणूस तिसऱ्या रांगेत बसला की तेराव्या रांगेतून ओळखला होता. महिनाभर ती या घरात येत होती, चहा पीत होती आणि पोशाखाची, फोटोंची चौकशी करत होती. बहिणीकडे तिने एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

“अजून फोन करता येईल?” धाकटीने विचारलं.

ताईने नंबर लावला. मग तिच्या मनात आलं, की कंपनी नुसतं ‘अपात्र’ एवढंच कळवेल. मेहुणे गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. दुसरा डॉक्टर, दुसरी तपासणी, आणि त्यातूनही काही निघालं नाही तर सगळा राग या पलंगाच्या कडेवर बसलेल्या बाईवर. त्या रागाला दुसरं कुणीतरी हवं होतं. पलीकडे घंटी वाजत असतानाच ताईने दार उघडलं आणि ती बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली.

“मघाशी मी खोटं बोलले,” डॉक्टरीणबाईंनी फोन उचलताच ती मोठ्याने म्हणाली. “तिला लहानपणापासून उंचावर घेरी येते. तीनदा शुद्ध हरपलीय. तिला पाठवू नका.”

मेहुणे हातात खुर्ची घेऊन जागच्या जागी उभे राहिले.

“मघाशी तर काही नाही म्हणालात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मग आत्ताच का सांगताय?”

धाकटी मागे दारात आली होती. ताईने वळून पाहिलं नाही. तिने मेहुण्यांकडे पाहिलं.

“कारण मला बघवत नाही,” ती म्हणाली. “मी इतकी वर्षं विमानात काढली आणि आता ही माझ्याही वर जाणार. ते मला सहन होत नाही, म्हणून सांगतेय.”

शेवटचं ‘म्हणून’ सोडलं तर यातलं अक्षरही खोटं नव्हतं, आणि या वेळी आवाज गोड निघाला नाही. तिने फोन बंद केला.

“ताई!” मेहुण्यांनी खुर्ची आदळली. “इतकी वर्षं काही आठवलं नाही, आणि नेमकं आजच? सख्खी बहीण म्हणवता स्वतःला? मला वाटलंच होतं. पहिल्या दिवसापासून तुमचं तोंड पाहत होतो मी!”

“बरोबर पाहत होतात,” ताई म्हणाली.

“निघा तुम्ही. आत्ताच्या आत्ता. पुन्हा या घराची पायरी चढू नका.”

ताईने पर्स उचलली. चपला घालताना तिला धाकटीचे हुंदके ऐकू आले. मेहुणे आतून पाण्याचा पेला घेऊन आले आणि बायकोशेजारी बसले.

“रडू नकोस,” ते तिला म्हणत होते. “तुझी काय चूक त्यात?”