काळ्या लिंबाचा चहा आणि तबारकचे पाय

मित्रांनो, मी चाकांची खुर्ची आहे, जुनी आणि तोंडाने फटकळ. बसऱ्यातल्या एका दवाखान्यात माझा जन्म गेला. नवी होते तेव्हा मोठ्या साहेबांनी माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. आता माझी गादी फाटली आहे आणि रखवालदार माझ्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलतो. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो तबारकला माझ्यावर बसवणाऱ्यांवर.

तबारक सहा वर्षांची. ती बोलते कमी, आणि ताटात नवं काही दिसलं की ओकारी काढते. अंगणात पळणारी ही मुलगी आधी लंगडू लागली, मग उभीच राहीना. बापाने, मुंतझरने, तिला माझ्यावर ठेवलं, तेव्हा ती गुडघे दुमडून, पाय बाहेर फाकवून पडून राहिली. कुणी पायाला हात लावला की किंचाळायची. मागे तिची आई इंतिसार उभी होती. पुढे अर्थातच इंतिसारची सासू, हज करून आलेली म्हणून हज्जा म्हणवणारी बद्रिया.

"नजर लागलीय. नवे बूट घालून लग्नाला मिरवायला नेली ना हिने," हज्जा म्हणाली.

"बुटांनी काय होतंय, हज्जा?" इंतिसार हळूच म्हणाली.

"तू बोलूच नकोस. तुझ्याच लाडांनी पोर अधू झाली."

मुंतझर खाली बघत राहिला. असले बाप मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि एकही मला आवडलेला नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलंच नाही, फक्त क्ष-किरणाच्या फोटोकडे पाहिलं. "कर्करोग असू शकतो. बगदादला न्या, हाडात सुई घालून आतली अस्थिमज्जा तपासावी लागेल," ते म्हणाले. तेव्हा मला त्या माणसाच्या पायावरून चाक न्यावंसं वाटलं.

बगदादला धाडण्याआधी मुलांच्या डॉक्टर सुहाद यांनी तबारकला तोंड उघडायला लावलं. हिरड्या सुजून जांभळ्या झाल्या होत्या. नडग्यांवर निळे डाग होते आणि केसांच्या मुळांशी बारीक लाल ठिपके.

"ही फळं खाते का? लिंबू, संत्रं?"

"रोज लिंबू घेते," हज्जा ठसक्यात म्हणाली. "माझ्या हातचं."

सुहादबाई गोंधळल्या. बगदादच्या कागदावर त्या सही करणार, तेवढ्यात इंतिसार बोलली. सासूसमोर तिचा आवाज चढलेला मी तरी पहिल्यांदाच ऐकला.

"ताजं लिंबू नाही, डॉक्टरीणबाई. काळ्या लिंबाचा चहा. त्यात पाव बुडवून खाते. बाकी काही तोंडात घेत नाही."

"घरची लक्तरं दवाखान्यात टांगतेस?" हज्जा फणकारली.

"कसा करता चहा?" सुहादबाईंनी विचारलं.

"करायचं काय त्यात? लिंबं उन्हात काळी ठिक्कर होईपर्यंत वाळवायची, फोडायची आणि पाणी लाल होईस्तोवर उकळायची. सात पिढ्या प्यायल्यात."

"त्या पिढ्या सोबत भाजी-फळंही खात होत्या, हज्जा. लिंबातलं क जीवनसत्त्व तुम्ही उन्हात मारलंत, उरलंसुरलं उकळून टाकलंत. पोरीच्या पोटात गेला तो नुसता आंबटपणा. ते जीवनसत्त्व मिळालं नाही की हिरड्या सुजतात, हाडांशी रक्त साकळतं आणि पाय टेकवत नाहीत."

हाडांचे डॉक्टर हसले. "हा तर जुन्या काळच्या खलाशांचा रोग, बाई. बसऱ्यात लिंबांना काय तोटा?"

"बाजारात तोटा नाही. हिच्या रक्तात आहे का, ते आधी बघू."

रक्त तपासायला गेलं, औषध त्याच दुपारी सुरू झालं आणि बगदादचा कागद तसाच पडून राहिला. रक्तात ते जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. थोड्याच दिवसांत तबारकने आईला पाय चेपू दिले.

मित्रांनो, लहान मूल चालेनासं झालं, त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर उगाच डाग उठले, तर त्याच्या पोटात खरोखर काय जातं ते नीट विचारा. "सगळं खातं" या उत्तरावर समाधान मानू नका. एवढं साधं विचारायला माणसं विसरतात, आणि मग फिरवत बसतात पोरांना माझ्यावरून.

पुढे ती पुन्हा दाखवायला आली. आईचं बोट धरून, स्वतःच्या पायांनी. हज्जाने लगेच मला पुढे ओढलं. "बस गं, दमशील."

तबारकने माझ्याकडे पाहिलं आणि त्याच दुखऱ्या पायाने मला सणसणीत लाथ घातली. मी भिंतीवर जाऊन आदळले.

"अजून एक घाल," इंतिसार म्हणाली.

तिने घातली.