सात कवचांची थोरली बहीण

चष्मेवाल्या बाईंची कादंबरी कुणीच वाचली नव्हती, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांच्या नवऱ्याने ती वाचली होती, धाकट्या जावेने अर्धी वाचली होती, आणि प्रकाशकाच्या मुद्रितशोधकाने, पोटापाण्यासाठी का होईना, अक्षर न् अक्षर वाचली होती. उरलेल्या जगाने मात्र 'उलट्या नदीचं गाव' या पुस्तकाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बाई दिवसभर दुकानात लोकांचे डोळे तपासत. "आता खालची ओळ वाचा," असं त्या म्हणाल्या की भलीभली माणसं मुकाट्याने वाचत. स्वतःच्या पुस्तकाबद्दल असं फर्मान काढायची सोय नव्हती.

समुद्रातून निघून डोंगरावर चढणाऱ्या नदीची ती गोष्ट. बाईंना हारतुरे नको होते. त्या गावातल्या माणसांवरून कुणीतरी एकदा कडाकडा भांडावं, एवढीच त्यांची इच्छा होती. नवरा भांडायचा, पण तो भाजीतल्या मिठावरूनही भांडायचा, त्यामुळे ते जमेला धरता येत नव्हतं.

उरलेल्या प्रती रद्दीत जायच्या बेतात असताना प्रकाशकाकडे नवा जाहिरातवाला आला. हा गडी कुठलंच पुस्तक बाजारात एकटं सोडत नसे. खपणाऱ्या पुस्तकाशी त्याची सोयरीक जुळवायची, ते नातं कागदी पट्टीवर छापायचं आणि ती पट्टी पुस्तकाच्या कमरेला गुंडाळायची, ही त्याची रीत. एखादी रहस्यकथा कुणाचा तरी मामेभाऊ व्हायची, तर एखादी प्रेमकथा कुणाची तरी नणंद. कचेरीत त्याला सगळे 'सोयरे' म्हणत.

"बाई, सध्या बाजारात एकच नाव चालतंय. 'सात कवचं'," सोयरे म्हणाले. "तुमचं पुस्तक म्हणजे त्या मालिकेची थोरली बहीण."

"अहो, पण त्यात म्हणे पानोपानी लढाया आहेत. माझ्या पुस्तकात कुणी कुणाला चिमटासुद्धा काढत नाही."

"बहिणी-बहिणी एकसारख्या असतात का? तुमच्या घरी आहेत का तशा?"

बाईंना स्वतःची बहीण आठवली आणि त्यांनी पट्टीला होकार दिला.

पट्टी छापून आली. 'सात कवचं' हे शब्द रस्त्याच्या पलीकडूनही दिसत होते. 'या मालिकेची थोरली बहीण' हे मात्र इतक्या बारीक टाइपात होतं, की ते वाचायला बाईंच्याच दुकानात यावं लागलं असतं. मग व्हायचं तेच झालं. पुस्तकविक्रेत्यांनी पुस्तक सरळ मालिकेच्या फळीवर लावलं. मालिकेचे भक्त स्वतःला 'कवचकर' म्हणवत. त्यांनी तर्क लढवला, की आपल्या आवडत्या लेखकाने टोपणनावाने मालिकेच्या आधीची कथा लिहिली आहे. प्रती भराभर उडाल्या.

बाईंना हे कळलं ते दुकानातच. बँकेतली एक कारकून नव्या चष्म्याची परीक्षा घ्यायला म्हणून पिशवीतून पुस्तक काढून वाचू लागली. मुखपृष्ठ पाहून बाईंच्या हातातला मऊ फडका खाली पडला.

"कसं आहे हो पुस्तक?"

"हा 'कवचं'चा शून्यावा भाग!" कारकून म्हणाली. "रविवारी ग्रंथालयात आमच्या गटात यावरच चर्चा आहे. वाचत असाल तर या."

घरी आल्यावर बाईंनी सगळं सांगितलं, तर नवरा खूश. "अगं, वाचतायत ना लोक? मग झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प राहा."

"अहो, पण ते माझं पुस्तक वाचतच नाहीयेत. शेजाऱ्याचं समजून माझ्या घरात हिंडतायत."

"सांगितलंस तर निघून जातील."

त्याचीच तर बाईंना भीती होती. इतक्या वर्षांनी दारात माणसं आली होती आणि आपल्याच हाताने त्यांना हाकलायचं होतं. पण खोट्या नात्यावर मिळालेलं कौतुक त्यांच्या गळ्याखाली उतरेना. रविवारी त्या ग्रंथालयात गेल्या. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकाच्या मांडीवर ते पुस्तक होतं. बसलं तर धीर जाईल म्हणून त्या उभ्याउभ्याच बोलल्या.

"हे पुस्तक मी लिहिलंय. तुमच्या कवचांशी याचा काडीचाही संबंध नाही. मी ती मालिका वाचलेलीसुद्धा नाही. पट्टीमुळे घोटाळा झालाय. माफ करा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग ड्यूटीवरून थेट आलेली एक परिचारिका खाकरली. "ते मला चौथ्या प्रकरणातच कळलं होतं."

"मला तर दुसऱ्यातच," कारकून म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?" बाईंनी विचारलं.

"मला वाटलं, एकटीलाच कळलंय. बोलले असते तर गटाने पुस्तक बदललं असतं. मला हेच वाचायचं होतं," परिचारिका म्हणाली.

"माझंही तेच!" कारकून ओरडली, आणि गोलभर माना डोलू लागल्या. सगळ्यांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती. हसण्याचा असा गलका उठला, की ग्रंथपालाने दार उघडून डोळे वटारले.

"पण बरं झालं तुम्ही आलात," परिचारिका बाईंना म्हणाली. "नदीबरोबर वर गेलेला तो तराफेवाला परत का येत नाही? मला चैन पडेना हो."

बाईंनी तोंड उघडलं. पण कारकून मध्येच उसळली, "येत नाही काय? शेवटच्या पानावर काठाला ओली दोरी आहे ती कुणाची?"

"ती त्याच्या बायकोची. ती त्याला शोधायला निघालीय."

"काहीतरीच! ती पाण्याला घाबरते."

"माणूस गेल्यावर कसली भीती धरून बसायची?"

"थांबा, मी सांगते..." बाई म्हणाल्या.

"तुम्ही जरा थांबा हो," परिचारिका त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "आधी हिला उत्तर देऊ द्या मला."

बाईंनी कोपऱ्यातली एक खुर्ची ओढून घेतली. भांडण चांगलंच पेटलं होतं. पानं उलटली जात होती, बोटं ओळींवर आपटत होती, तराफेवाल्याच्या बायकोची बाजू घेऊन दोघे उभेही राहिले होते. बाईंकडे कुणाचंही लक्ष नव्हतं, आणि इतकं सुख त्यांना आयुष्यात कधी झालं नव्हतं.